राजधानीचे उच्च न्यायालय

उच्च न्यायालय म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम मुंबईचे न्यायालय उभे राहते. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या तीन इलाख्यांच्या शहरांना उच्च न्यायालये मिळाली ती १८६२ साली. देशाची राजधानी जी दिल्ली, तिला मात्र स्वतःचे उच्च न्यायालय लाभण्यास त्यानंतर एकशे चार वर्षे लागली, हे ऐकून पुष्कळ श्रोत्यांना नवल वाटेल.

याचे कारण इतिहासात आहे. १८५७ च्या उठावानंतर, १८५८ साली, इंग्रजांनी दिल्ली पंजाबला जोडून टाकली. १९११ साली ती राजधानी म्हणून जाहीर झाली व पुढल्या वर्षी पंजाबपासून वेगळीही झाली. परंतु न्यायाच्या बाबतीत तिचे पंजाबशी असलेले नाते तुटले नाही. १९१९ साली लाहोरला उच्च न्यायालय स्थापन झाले, तेव्हा दिल्ली त्याच्याच अधिकारक्षेत्रात आली. वरिष्ठ न्यायालयात दाद मागावयाची तर दिल्लीच्या पक्षकाराने लाहोर गाठावयाचे, असा तो काळ होता.

१९४७ साली फाळणी झाली आणि लाहोर परदेशात गेले. पूर्व पंजाबसाठी नवे उच्च न्यायालय निघाले, ते सिमल्याच्या पीटरहॉफ नावाच्या इमारतीत. महात्मा गांधींच्या हत्येचा खटला दिल्लीच्या लाल किल्ल्यात चालला. पण त्यावरील अपिलांची सुनावणी १९४९ साली झाली ती सिमल्याच्या डोंगरावर. १९५५ साली हे न्यायालय चंडीगढला गेले. मध्यंतरी १९५२ पासून त्याचे एक फिरते खंडपीठ दिल्लीत बसू लागले होते, एवढाच काय तो दिलासा. तीन शहरे झाली. न्यायाचा उंबरठा मात्र घरापासून दूर तो दूरच राहिला.

अखेर संसदेने १९६६ साली दिल्ली उच्च न्यायालयाचा कायदा केला आणि ३१ ऑक्टोबर १९६६ या दिवशी हे न्यायालय अस्तित्वात आले. दुसऱ्याच दिवशी पंजाब राज्याची पुनर्रचना झाली. प्रारंभी हिमाचल प्रदेशही याच न्यायालयाकडे होता. १९७१ साली त्याला पूर्ण राज्याचा दर्जा मिळाला, तेव्हा तो वेगळा झाला.

आता रचना पाहू. उच्च न्यायालय हे साधारणतः अपिले ऐकणारे न्यायालय असते. दिल्लीचे न्यायालय मात्र, मुंबईप्रमाणे, मोठ्या रकमेचे दिवाणी दावे मुळापासूनही चालवते. ही मर्यादा आरंभी २५ हजार रुपयांची होती. २०१५ साली ती २ कोटींवर गेली. काही प्रकरणे एकच न्यायमूर्ती ऐकतात, काही दोघांचे खंडपीठ ऐकते, आणि कायद्याचा अवघड प्रश्न उद्भवला तर तीन वा अधिक न्यायमूर्तींचे पूर्णपीठ बसते. चार न्यायमूर्तींनी आरंभ झालेल्या या न्यायालयाची मंजूर संख्या पुढे ६० झाली: ४५ कायम व १५ अतिरिक्त.

‘कायम’ आणि ‘अतिरिक्त’ हे शब्द वरवर पाहता कचेरीच्या दप्तरातले वाटतात. कायम न्यायमूर्ती वयाच्या ६२ व्या वर्षापर्यंत त्या पदावर राहतो. अतिरिक्त न्यायमूर्तीची नेमणूक एका वेळी फार तर दोन वर्षांची असते. राजधानीत या भेदाला विशेष अर्थ आहे. कारण येथे नागरिक ज्याच्याविरुद्ध दाद मागतो, ते केंद्र सरकार न्यायालयाच्या अगदी शेजारीच असते.

न्यायालय नऊ वर्षांचे होण्यापूर्वीच याचा प्रत्यय आला. आणीबाणीत, १९७५ साली, पत्रकार कुलदीप नय्यर यांना स्थानबद्ध करण्यात आले. त्यांच्या पत्नीने बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला. निकाल लागण्यापूर्वीच सरकारने त्यांना सोडून दिले; तरीही न्यायमूर्ती रंगराजन आणि न्यायमूर्ती अग्रवाल यांनी सप्टेंबरमध्ये आपला निर्णय दिला आणि ती स्थानबद्धता बेकायदेशीर ठरवली. पुढे रंगराजन यांची बदली गौहातीला झाली. अग्रवाल अतिरिक्त न्यायमूर्ती होते; त्यांना कायम न करता खालच्या सत्र न्यायालयात परत पाठवण्यात आले. दप्तरातल्या त्या एका शब्दाचे मोल तेव्हा कळले.

ज्या चार न्यायमूर्तींनी या न्यायालयाचा पाया घातला, ते मुख्य न्यायमूर्ती हेगडे व त्यांचे सहकारी दुआ, खन्ना आणि कपूर. हेगडे व खन्ना पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७३ साली ज्येष्ठता डावलून दुसऱ्यास सरन्यायाधीश नेमले गेले, तेव्हा हेगडे यांनी राजीनामा दिला. खन्ना यांनी १९७६ साली, आणीबाणीतही स्थानबद्ध माणसाला न्यायालयाचे दार बंद होत नाही, असे मत पाचांच्या पीठात एकट्याने नोंदवले. १९७७ साली त्यांनाही डावलले गेले आणि तेही पदावरून दूर झाले. त्या वेळचा बहुमताचा निर्णय चुकीचा होता, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली सांगितले.

लाहोर, सिमला, चंडीगढ ही अंतरे मैलांत मोजता येत होती आणि एका कायद्याने ती मिटली. न्यायालय नागरिकाजवळ आले. पण त्याच वेळी ते सत्तेच्याही जवळ आले. हे दुसरे अंतर मोजण्यास मैलाचे दगड नाहीत. ते राखले जाते न्यायमूर्तींच्या धैर्याने, आणि त्या धैर्याची शिक्षा त्यांना भोगावी लागू नये अशा नियमांनी. धैर्य कायद्याने निर्माण करता येत नाही. नियम मात्र करता येतात. म्हणून न्यायमूर्तींची नेमणूक कोणी करावी, त्यांची बदली केव्हा व्हावी, हे विषय वकिलांवर सोपवून आपण स्वस्थ बसू नये. बंद दारावर थाप मारण्याची वेळ कोणावर येईल, हे कोणास ठाऊक असते?