पट्टीवरचा चोखंदळ पाहुणा

घरात कुंथलगिरीचे पेढे आले की सगळ्यांच्या नजरा आधी आजोबांकडे वळतात. "शुगर तपासली का?" मग आजोबा बोटाला सुई टोचतात, रक्ताचा थेंब छोट्याशा पट्टीच्या टोकाला लावतात आणि काही सेकंदांत यंत्रावर आकडा उमटतो. पट्टीला कसं कळलं?

तिच्यावर कार्बनची किंवा धातूची बारीक रेघ असते. ती इलेक्ट्रोड. तिच्यावर विकराचा, म्हणजे एन्झाइमचा, पातळ थर. पुष्कळ पट्ट्यांवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर असतं. ते ॲस्परजिलस नायजर या बुरशीकडून मिळवता येतं. हो, कांद्यावर काळी भुकटी धरते ना, तीच ही बुरशी!

विकर मात्र भलतंच चोखंदळ. पेढ्यातली साखर म्हणजे सुक्रोज. तिच्याकडे ते ढुंकूनही बघत नाही. आतड्यात सुक्रोज फुटून ग्लुकोज सुटलं आणि रक्तात आलं, की मग विकराचं काम सुरू. ते ग्लुकोजचे इलेक्ट्रॉन काढून घेतं, पट्टीवरचं दुसरं एक रसायन ते इलेक्ट्रोडपर्यंत पोचवतं आणि इवलीशी वीज वाहते. ग्लुकोज जास्त, तर वीज जास्त. विकर आणि इलेक्ट्रोडची ही जोडी लीलँड क्लार्क यांनी अमेरिकेत १९६२ मध्ये सुचवली.

खरी मेख आहे थर देण्यात. एक उदाहरण बघा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा एक उपपरिसर आपल्या धाराशिवला आहे. याच विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या संशोधकांनी इलेक्ट्रोडवर पॉलिपिरोल या वीजवाहक प्लास्टिकचा थर चढवला आणि ग्लुटराल्डिहाइड हे जखडून ठेवणारं रसायन वापरून त्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज पक्कं बसवलं. हे काम २००६ मध्ये छापून आलं.

भूमच्या भट्टीवर दूध तेच असलं, तरी आच आणि ढवळणारा हात बदलला की खवा बदलतो. इथंही तसंच. थर फार जाड झाला, तर ग्लुकोजला आत शिरायलाच वेळ लागतो. फार पातळ झाला, तर विकर पुरेसं मावत नाही. ग्लुटराल्डिहाइड कमी पडलं, तर विकर धुऊन जातं. जास्त झालं, तर ते इतकं जखडतं की त्याला काम सुचत नाही. द्रावण फार आंबट असलं किंवा वाळवताना उष्णता वाढली, की विकर ज्या प्रथिनाचं असतं त्याची घडीच मोडते आणि विकर निकामी होतं. रेघ तीच, विकर तेच, पण एक पट्टी चोख आकडा देते आणि दुसरी चक्क थापा मारते!

तयार पट्टीलाही हाच धोका असतो. बहुतेक डब्यांवर ३० अंशांच्या आत ठेवा असं लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पट्टीला दमटपणाही सोसत नाही, म्हणून डबीत ओल शोषणारा पदार्थ असतो. तेव्हा वापरलेल्या सुईला हात लावू नका, पण आजोबांची डबी खिडकीत उन्हात असेल तर सावलीत ठेवा. आणि पट्टी काढल्या काढल्या झाकण घट्ट लावा.