दोघांनी शोधलेले घर एकट्याला पेलेल का?

निवृत्तीनंतर शहर सोडून जाण्याचा विचार आता अनेक घरांत गांभीर्याने होऊ लागला आहे. पुण्या-मुंबईची गर्दी, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारती, मंडईपर्यंत जाण्याचीही होणारी दमछाक आणि दूरदेशी स्थिरावलेली मुले अशा कारणांनी साठी ओलांडलेली जोडपी एखाद्या सकाळी गाडी काढतात आणि लहान गावांतून जागा पाहत फिरतात. पुण्याहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचा बारामती-इंदापूरचा पट्टा अशा शोधयात्रेत हमखास येतो. रस्ते बरे, कालव्याच्या पाण्याने हिरवी झालेली शेते आणि शहराच्या मानाने परवडणारी घरे, ही त्याची आकर्षणे आहेत.

बारामतीला बाहेरून येऊन स्थिरावण्याची परंपराही जुनी. पन्हाळ्यावर १७२९ साली जन्मलेले कवी मोरोपंत येथे आले, नाईकांच्या आश्रयाने राहिले आणि १७९४ साली येथेच निवर्तले. मात्र ते आले तेव्हा ऐन तारुण्यात होते. उतारवयातले स्थलांतर वेगळे असते. त्यात शरीराची झीज, औषधांची पिशवी आणि एक न उच्चारलेला प्रश्न बरोबर येतो. त्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी प्रवासाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण अनेकांची प्रकृती घर पाहण्याआधी रस्त्यातच बिघडते.

प्रवासातील पथ्य

जळोची हे पूर्वी बारामतीच्या वेशीवरचे गाव. आज ते नगरपरिषदेच्या हद्दीत आहे आणि तेथे नव्या इमारती उभ्या राहत आहेत. गेल्या हिवाळ्यात अशीच एक इमारत पाहण्यास चिंचवडचे एक जोडपे आले होते. गृहस्थ सदुसष्ट वर्षांचे, मधुमेही, हृदयात एक स्टेंट बसवलेला. पत्नी त्रेसष्ट वर्षांच्या, उच्च रक्तदाब आणि गुडघेदुखी असलेल्या. गाडी फक्त गृहस्थच चालवत. दुसरा मजला चढताना त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळले. जागा दाखवणाऱ्या तरुणाने त्यांना माझ्या दवाखान्यात आणले. ग्लुकोमीटरवर साखर अठ्ठावन्न होती. सकाळी सहाला ग्लिमेपिराइडची गोळी घेतली होती आणि ‘पाटसला थांबून खाऊ’ म्हणत न्याहारी मात्र राहून गेली होती. साखरपाण्याने पंधरा मिनिटांत ते सावरले. हाच प्रसंग महामार्गावर, चालत्या गाडीत ओढवला असता तर काय झाले असते, हे वेगळे सांगायला नको.

साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या आणि इन्सुलिन यांचा जेवणाशी थेट संबंध असतो. गाडी चालवणाऱ्या मधुमेही व्यक्तीने निघण्यापूर्वी आणि दर दोन तासांनी साखर तपासावी. ती नव्वदच्या खाली असल्यास आधी काही खावे, मगच गाडी सुरू करावी. सत्तरच्या खाली गेल्यास, किंवा तशी लक्षणे जाणवल्यास, गाडी बाजूला घ्यावी, तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि नंतर पोटभर खावे. साखर पूर्ववत झाल्यावरही किमान पाऊण तास गाडी चालवू नये, कारण मेंदूचा तल्लखपणा परतण्यास वेळ लागतो. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. मे महिन्यात बंद गाडीची भट्टी होते आणि औषध निकामी ठरते.

दर दीड-दोन तासांनी उतरून पाच मिनिटे चालावे. दीर्घ काळ पाय लोंबकळत बसल्याने पोटरीच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. लघवीला जावे लागेल म्हणून अनेक स्त्रिया प्रवासात पाणीच पीत नाहीत. त्यातून चक्कर, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि उष्माघात ओढवू शकतो. रक्तदाबासाठी वा सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर प्रवासाच्या दिवशी तिची वेळ कोणती ठेवावी, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. ती स्वतःहून बंद करू नये.

एक बाब कायद्याची. पंचावन्न वर्षांनंतर वाहन चालवण्याचा परवाना एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतो आणि नूतनीकरणासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. त्या प्रमाणपत्राकडे केवळ औपचारिकता म्हणून पाहू नये. मोतीबिंदूमुळे समोरच्या दिव्यांचा प्रकाश पसरलेला दिसत असेल किंवा मान पूर्ण वळत नसेल, तर गाडी पुढची किती वर्षे चालवता येणार, हा प्रश्न घर निवडण्याआधीच विचारात घ्यायला हवा.

वहीतले दोन रकाने

गृहस्थ सावरल्यावर तासभर दवाखान्यातच बसले. तेव्हा बाईंनी पिशवीतून एक वही काढली. पाहिलेल्या प्रत्येक जागेसाठी तीत दोन रकाने होते. एकावर ‘दोघे’ असे लिहिले होते, दुसऱ्यावर ‘मी’. गृहस्थांनी ती वही तोवर पाहिलेली नव्हती.

आदल्या महिन्यात ते भिगवणजवळ उजनीच्या जलाशयाकाठी एक भूखंड पाहून आले होते. हिवाळ्यात तेथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. पाण्यावर सकाळ उगवताना पाहून गृहस्थांचे मन तेथेच गुंतले होते. त्या जागेपुढे ‘दोघे’ या रकान्यात बाईंनी लिहिले होते: हवा उत्तम, शांतता, ह्यांना आवडले. ‘मी’ या रकान्यात होते: औषधांचे दुकान चालत जाण्यासारखे नाही, एसटी थांबा दूर, रात्री दिवा नाही, हाकेच्या अंतरावर घर नाही.

गृहस्थ ती पाने बराच वेळ वाचत राहिले. पत्नीला एकटीने तेथे राहावे लागेल, ही शक्यता त्यांनी कधी मोठ्याने उच्चारली नव्हती. बहुतेक जोडपी ती उच्चारत नाहीत. ते अभद्र वाटते. परंतु आपल्याकडे पती सहसा वयाने मोठा असतो आणि स्त्रियांचे सरासरी आयुर्मान अधिक असते. त्यामुळे मागे राहण्याची वेळ अधिक वेळा पत्नीवर येते. त्याच वेळी गाडी चालवणे, बँकेचे व्यवहार आणि विजेच्या तक्रारी ही कामे अनेक घरांत आजही पतीकडेच असतात. उलट, पत्नी आधी गेल्यास स्वयंपाक, पथ्यपाणी आणि शेजारपाजार ज्यांनी कधी सांभाळले नाहीत, असे पुरुष लवकर खचतात. म्हणून दोघांपैकी कोणीही एक उरला, आणि त्याला गाडी चालवता येत नसली, तरी त्याला पेलेल असेच घर निवडावे. उतारवयात जागा पाहताना बाकीचे निकष यानंतर येतात.

अंतर मिनिटांत मोजावे

जागा दाखवणारा ‘हॉस्पिटल दहा किलोमीटरवर’ असे सांगतो. आपण वेळ विचारावी, आणि तीही रात्री दोनची. पक्षाघातात मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी सीटी स्कॅन अनिवार्य असतो. हृदयविकाराच्या झटक्यात प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू निकामी होत जातो. म्हणून रुग्णालयात प्रत्यक्ष जाऊन विचारावे: रात्री डॉक्टर हजर असतात का? सीटी स्कॅन चोवीस तास चालतो का? अँजिओप्लास्टीची सोय येथे आहे की पुण्यास न्यावे लागते? डायलिसिस, अस्थिरोग आणि नेत्ररोग यांचे तज्ज्ञ कोणत्या दिवशी असतात?

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि खासगी रुग्णालयेही आहेत. त्यामुळे जळोचीसारख्या शहरालगतच्या भागात आणि आतल्या एखाद्या वस्तीवर राहण्यात, उपचार मिळण्याच्या दृष्टीने, मोठा फरक पडतो. १०८ ही मोफत रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. पण शेतातल्या बंगल्याला पत्ता नसतो आणि चालक अंधारात वाट शोधत राहतो. जवळची ठळक खूण, फाट्याचे नाव आणि वळण ठळक अक्षरांत लिहून दूरध्वनीजवळ चिकटवावे. सत्तरीपुढील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण २०२४ पासून मिळाले आहे. नव्या गावातील कोणती रुग्णालये त्या यादीत आहेत, हेही आधीच पाहून ठेवावे.

मे महिन्यात या, गाळपाच्या हंगामात या

जागा पाहण्यास लोक बहुधा डिसेंबरात येतात. तेव्हा कोणतेही गाव गोड दिसते. बारामती-इंदापूर हा मुळात पर्जन्यछायेतला, अवर्षणप्रवण प्रदेश आहे. नीरेचा डावा कालवा जेथे पोहोचतो तेथे ऊस उभा दिसतो. जेथे पोहोचत नाही तेथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस अंशांच्या आसपास असतो. लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांना आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना हा उन्हाळा जड जातो. नळाला पाणी किती दिवसांआड येते, बोअरचे पाणी किती क्षारयुक्त आहे, दुपारी वीज जाते का, हे मे महिन्यात येऊन पाहिल्याशिवाय कळत नाही.

हिवाळ्यात साखर कारखान्यांचा गाळप हंगाम असतो. सोमेश्वर, माळेगाव आणि भवानीनगर येथील कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्रीही चालतात. पुष्कळांना मागे दिवाही नसतो. शेतात पाचट जाळले की धूर खाली बसतो आणि दमेकऱ्यांचा खोकला बळावतो. ज्यांना दमा किंवा धूम्रपानामुळे फुप्फुसांचा आजार आहे, त्यांनी या दिवसांत चार रात्री राहून पाहाव्यात.

घराच्या आत पाहताना

तळमजला किंवा खात्रीची लिफ्ट असावी. न्हाणीघराची फरशी खडबडीत, दार बाहेरच्या बाजूस उघडणारे आणि आधाराचे दांडे भिंतीत पक्के बसवता येतील असे असावे. पलंगापासून शौचालयापर्यंतची वाट सरळ हवी आणि तेथे रात्रभर मंद दिवा हवा. वृद्धापकाळी खुब्याचे हाड बहुधा घरातच, अशा चार पावलांच्या वाटेवर पडल्याने मोडते. दाराची रुंदी चाकाच्या खुर्चीला पुरेशी आहे का, हेही मोजून घ्यावे. आज गरज नसली तरी भिंती नंतर हलत नाहीत.

माणसे कोठे भेटतील?

तुकोबांची पालखी ज्या वाटेने काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते, ती वाट ज्यांनी पाहिली आहे त्यांना येथल्या लोकांचा आपलेपणा ठाऊक आहे. तरीही पाहुण्याचे स्वागत वेगळे आणि रोजचा शेजार वेगळा. ज्येष्ठ नागरिक संघ कोठे बसतो, वाचनालय चालू आहे का, भजनी मंडळात नव्या बाईंना सामावून घेतात का, हे पाहावे. शक्य असल्यास एक संध्याकाळ तेथे बसून यावे. एकटेपणाचा परिणाम झोप, भूक, रक्तदाब आणि स्मृती या सर्वांवर होतो.

घरात स्मृतिभ्रंशाची चाहूल लागली असेल, तर अधिक सावध राहावे. ओळखीच्या घरात डोळे मिटून वावरणारा माणूस नव्या घरात शौचालय शोधू शकत नाही, रात्री घाबरतो, बाहेर निघून जातो. अशा वेळी स्थलांतर करायचेच असेल तर ते आजार वाढण्याआधी करावे आणि जुना पलंग, घड्याळ, देव्हारा तसाच मांडावा.

आधी भाडे, मग खरेदी

जुने घर विकून नवे घेण्याची घाई करू नये. वर्षभर भाड्याने राहावे. तिन्ही ऋतू, एक आजारपण आणि एक दिवाळी तेथे काढावी. जुने घर मुलांच्या नावे करणार असाल, तर आपल्या सांभाळाची अट दस्तात स्पष्ट लिहून घ्यावी. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याने, ती अट मोडल्यास न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. अडचणीच्या वेळी मार्गदर्शनासाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. पासष्टीनंतर एसटीत निम्मे भाडे आणि पंचाहत्तरीनंतर मोफत प्रवास मिळतो. गाडी सोडावी लागेल त्या दिवसासाठी हा मोठा आधार आहे. म्हणून थांबा पायी किती लांब आहे, ते स्वतः चालून पाहावे.

चिंचवडच्या त्या दोघांनी भिगवणचा भूखंड घेतला नाही. बारामतीत, बाजारापासून चालण्याच्या अंतरावर, तळमजल्याचे घर त्यांनी वर्षासाठी भाड्याने घेतले आहे. पक्षी पाहायला ते एसटीने जातात. कायमचे राहावे की नाही, याचा निर्णय अजून व्हायचा आहे आणि तो सावकाशच व्हावा.

आपण अशा शोधाला निघाल तेव्हा गाडीत औषधे, ग्लुकोमीटर आणि पाण्याबरोबर एक वही ठेवा. प्रत्येक जागेपुढे दोघांनीही आपापला ‘मी’ हा रकाना भरा आणि परतीच्या वाटेवर तो एकमेकांना वाचून दाखवा. आपल्या माघारी जोडीदाराचे कसे होईल, हे बोलणे कठीण जाते खरे. पण त्याची व्यवस्था दोघे मिळून करू शकतात ती दोघे असतानाच.