मारावे की थांबावे? : कॅरमच्या पटावरील गणित

कॅरमचा डाव अगदी शेवटाला आला आहे. पटावर दोनच सोंगट्या उरल्या आहेत. पांढरी तुमची, काळी प्रतिस्पर्ध्याची. राणी आधीच गेलेली आहे. पाळी तुमची. पांढरी पॉकेटापासून लांब आहे आणि ती घालवायची तर चांगला तिरका कट मारावा लागेल. काळी मात्र पॉकेटाजवळ बसली आहे. तुमचा नेम चुकला, तर प्रतिस्पर्धी डाव तेथेच संपवील. बघ्यांपैकी एक म्हणतो, "मार बिनधास्त, काय होते ते बघू!" दुसरा म्हणतो, "घाई नको. आधी काळीची वाट अडव." यांतील कोणाचे ऐकावे?

हा प्रश्न केवळ हिमतीचा आहे असे आपल्याला वाटते. पण त्याचे उत्तर थोडे भूमितीत आणि थोडे शक्यतेच्या गणितात दडलेले आहे. ते शोधून पाहू.

अशी कोडी इतर खेळांतही पडतात. अमेरिकेत पूल या खेळाचा 'वन-पॉकेट' नावाचा एक प्रकार आहे. टेबलाला सहा पॉकेटे असली, तरी एका टोकाच्या दोन कोपऱ्यांपैकी एक पॉकेट एकाचे व दुसरे दुसऱ्याचे. पंधरांपैकी आठ चेंडू जो आधी आपल्या पॉकेटात घालील तो जिंकला. त्यामुळे या खेळात चेंडू घालण्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व प्रतिस्पर्ध्याला सोपा फटका न ठेवण्याला असते. बिलियर्ड्समध्येही मोठी धावसंख्या ही बहुधा सोप्या फटक्यांची लांबलचक माळ असते. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ आणि १९६४ साली हौशी बिलियर्ड्सचे जागतिक विजेते झाले. मुंबईच्या मायकेल फरेरांनी १९७७, १९८१ व १९८३ साली ते पद मिळवले. ती जागतिक पदे अशाच चिकाटीच्या खेळाची आहेत. आपल्याकडे घरोघरी असतो तो कॅरमचा पट. तेव्हा प्रयोगासाठी तोच घेऊ.

अर्धा अंश चुकला तर?

कॅरमच्या नियमांनुसार सोंगटीचा व्यास ३.०२ ते ३.१८ सें. मी. असतो. स्ट्रायकरचा व्यास जास्तीत जास्त ४.१३ सें. मी. आणि पॉकेटाचा ४.४५ सें. मी. असतो. स्ट्रायकर सोंगटीला टेकतो, त्या क्षणी दोघांच्या केंद्रांमधील अंतर त्यांच्या त्रिज्यांच्या बेरजेइतके, म्हणजे सुमारे ३.६ सें. मी. असते. टक्कर झाल्यावर सोंगटी या दोन केंद्रांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने जाते.

समजा, स्ट्रायकरच्या केंद्रापासून सोंगटीचे केंद्र ३६ सें. मी. दूर आहे. फटका सरळ आहे, पण बोट अर्ध्या अंशाने चुकले. सोंगटीपर्यंत पोचेतो स्ट्रायकर सुमारे ०.३ सें. मी. बाजूला सरकतो. हे अंतर क्षुल्लक वाटते; परंतु केंद्रे केवळ ३.६ सें. मी. अंतरावर असल्याने त्यांना जोडणारी रेषा सुमारे पाच अंशांनी कलते. सोंगटी आपल्या खऱ्या वाटेपासून साडेचार अंश ढळते. म्हणजे मूळ चूक नऊपट झाली!

याचा सोपा नियम असा : केंद्रांमधील अंतराला ३.६ ने भागा आणि एक वजा करा. येणारी संख्या म्हणजे चुकीची पट. ३६ सें. मी. अंतराला नऊपट, १८ सें. मी. अंतराला चौपट. अंतर निम्मे केले, तर चूक निम्म्याहूनही कमी होते.

आता पॉकेट सोंगटीपासून ३० सें. मी. लांब असेल, तर साडेचार अंशांच्या चुकीने सोंगटी सुमारे २.४ सें. मी. बाजूला जाते. सोंगटीचा मध्य भोकाच्या कडेच्या आत यायचा, तर ढोबळमानाने २.२ सें. मी.चीच सूट आहे. सोंगटी हुकली! स्ट्रायकर १८ सें. मी. अंतरावर असता, तर तेवढ्याच चुकीने ती एकच सेंटिमीटर सरकली असती आणि पॉकेटात गेली असती.

तिरक्या कटात हे आणखी वाढते. साठ अंशांच्या कटात स्ट्रायकरच्या तेवढ्याच सरकण्याने सोंगटीची दिशा सरळ फटक्याच्या दुप्पट बदलते. लांबचा कट अवघड का, हे आता ध्यानात येईल.

मग सरळ फटका सर्वस्वी निर्धोक म्हणावा काय? तसेही नाही. सोंगटी ५ ते ५.५ ग्रॅमची, तर स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंत. जड वस्तू हलक्या वस्तूवर सरळ आदळली, की ती थांबत नाही, पुढे जात राहते. म्हणून सरळ जोराच्या फटक्यात स्ट्रायकरही सोंगटीमागोमाग पॉकेटात जातो आणि 'ड्यू' बसतो. मिळवलेली सोंगटी परत पटावर द्यावी लागते.

शंभर डावांचा हिशेब

आता सुरुवातीच्या डावाकडे वळू. पुढील आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत. तुमचा तो कट १०० पैकी ४० वेळा जमतो. न जमल्यास प्रतिस्पर्धी १०० पैकी ८० वेळा आपली काळी घालवतो. त्याचीही चुकली, तर पुढे दोघांना सारखीच संधी आहे असे धरू.

धाडस केले तर : १०० डावांत ४० वेळा तुम्ही लगेच जिंकता. उरलेल्या ६० पैकी ४८ वेळा प्रतिस्पर्धी जिंकतो. राहिले १२, त्यांतले निम्मे, म्हणजे ६ तुमचे. एकूण ४६ विजय.

थांबलात तर : तुम्ही हळुवार फटक्याने पांढरी सोंगटी काळीच्या वाटेत नेऊन ठेवता. हे १०० पैकी ९० वेळा साधते असे माना. वाट अडली, की प्रतिस्पर्ध्याला यश दहांत तीनदाच मिळते. म्हणजे ९० पैकी २७ डाव त्याचे. उरलेल्या ६३ डावांत तुमची पांढरी आता सोयीच्या जागी आहे. ती दहांत सहा वेळा जाते, म्हणजे सुमारे ३८ विजय. राहिलेल्या २५ पैकी निम्मे, सुमारे १२ किंवा १३. अडवण्याचा फटका फसलेल्या १० डावांतून आणखी एखादा विजय. एकूण सुमारे ५१.

म्हणजे येथे थांबणे बरे. पण घाईने निष्कर्ष काढू नका. तोच कट तुम्हाला १०० पैकी ५० वेळा जमत असेल, तर धाडसाचे विजय ५५ होतात आणि सल्ला उलटा होतो. सीमारेषा ४६ च्या आसपास आहे. तेव्हा "नेहमी थांबावे" हेही खरे नाही आणि "नेहमी मारावे" हेही नाही. फटका जमेल का, एवढेच विचारून भागत नाही. 'न जमला तर मागे काय उरेल?' हा दुसरा प्रश्नही विचारावा लागतो.

तिसरा प्रश्न गुणांचा. कॅरमचा गेम २५ गुणांचा किंवा आठ बोर्डांचा असतो. बोर्ड जिंकणाऱ्याला समोरच्याच्या उरलेल्या प्रत्येक सोंगटीचा एक गुण आणि स्वतः राणी कव्हर केली असल्यास तिचे तीन गुण मिळतात. आठव्या बोर्डाला तुम्ही १४ व प्रतिस्पर्धी १८ वर असेल, तर एका गुणाने बोर्ड जिंकून काय उपयोग? तेथे राणीसाठी धोका पत्करणे हेच शहाणपण. उलट तुम्ही पुढे असाल, तर तोच फटका अविचार ठरेल.

स्वतःचे आकडे काढा

वरील ४० आणि ८० हे आकडे मनाने धरले. तुमचे स्वतःचे आकडे तुम्ही मोजू शकता. पटावर पेन्सिलीने सोंगटीची एक जागा ठरवा. त्याच जागी ती ठेवून ५० फटके मारा आणि प्रत्येकाची नोंद करा. मग स्ट्रायकर व सोंगटी यांतील अंतर बदलून पुन्हा ५०. दहा फटक्यांवर विसंबू नका; तेवढ्यात नशिबाचा भाग फार मोठा असतो. पुष्कळांना आपला आकडा अपेक्षेपेक्षा बराच लहान आढळेल.

हाच प्रयोग कोरड्या दिवशी आणि पावसाळी दिवशी करून पाहा. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीला भिडलेला आहे. तेथे घाटघर-रतनवाडीकडे झड लागली, की हवेतील ओल पटालाही जाणवते आणि सोंगट्या जड चालतात. पटावर टाकतात ती बोरिक पावडर घर्षण कमी करते, कारण तिच्या स्फटिकांचे पातळ थर एकमेकांवरून सहज घसरतात. पण ओलीने तिचे गठ्ठे झाले, की हिशेब पुन्हा नव्याने मांडावा लागतो.

पटाबाहेरचा डाव

अकोल्याच्या शेतकऱ्यापुढे दर जूनमध्ये असाच प्रश्न उभा असतो. पावसाआधी कोरड्या जमिनीत धूळपेरणी करावी, की चांगला पाऊस होऊन वाफसा येईपर्यंत थांबावे? धूळपेरणी साधली, तर पीक लवकर वर येते. पाऊस लांबला, तर बियाणे वाया जाऊन दुबार पेरणी करावी लागते. ७५ ते १०० मि. मी. पाऊस झाल्याखेरीज पेरू नये, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. हा अडवण्याचा फटकाच झाला.

पण येथे एक मोठा फरक आहे. कॅरमचे शंभर डाव खेळता येतात. खरिपाचा हंगाम वर्षातून एकदाच येतो. अशा सरासरीच्या हिशेबाची सुरुवात १६५४ साली पास्काल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांच्या पत्रव्यवहारातून झाली; अर्धवट थांबलेल्या डावातील पैसे कसे वाटावेत, हे कोडे ते सोडवत होते. पुढे १७३८ साली डॅनिएल बर्नुली याने दाखवले, की तेवढेच नुकसान श्रीमंताला हलके आणि गरिबाला भारी पडते. ज्याच्याकडे पुन्हा पेरण्याइतके बियाणे आहे, त्याला सरासरीवर भरवसा ठेवता येतो. ज्याच्याकडे एकच पोते आहे, त्याला एक चूकही परवडत नाही. म्हणून असा शेतकरी थांबला, तर त्याला भित्रा म्हणू नये. काही जण थोड्या रानात आधी पेरतात आणि बाकीचे राखून ठेवतात. तोही उत्तम हिशेबच आहे.

तेव्हा पुढच्या खेपेला कोणी "मार बिनधास्त!" म्हणाले, तर तीन गोष्टी मनात मोजा : हा फटका मला कितीदा जमतो, चुकल्यास मागे काय राहील, आणि हरल्यास पुन्हा खेळता येईल का?