परसातला हिरवा मसाला

परभणी–मनमाड लोहमार्गावरच्या पेडगावची जमीन काळी, चिकट. कापूस-सोयाबीनला ती मानवते, पण कोथिंबिरीच्या कोवळ्या मुळांना तिच्यात साचलेलं पाणी सोसत नाही. परसातल्या वाफ्यात वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळून माती भुसभुशीत करावी, वाफा वीतभर उंच ठेवावा.

धना सबंध पेरण्याची घाई नको. एका धन्यात दोन बिया असतात. चपलेखाली किंवा पाट्यावर हलक्या हाताने रगडला की तो मधोमध फुटतो आणि त्याच्या दोन डाळी होतात. या डाळी रात्रभर भिजवून पेरल्या, की आठ-दहा दिवसांत मातीला बारीक भेगा पडतात आणि अंकुर मान वर काढतो. चाळीसेक दिवसांत कोथिंबीर काढणीला येते. उपटण्यापेक्षा बाहेरच्या काड्या खुडल्या, तर त्याच रोपाला पुन्हा पालवी फुटते. चैत्र-वैशाखात मात्र पारा चाळिशी ओलांडतो आणि कोथिंबीर पाल्याऐवजी फुलावर जाते. तेव्हा सावली हवीच.

पुदिना बियांऐवजी काडीने लावावा. तो धुमारे सोडत वाफा गिळतो, म्हणून फुटक्या घमेल्यातच बरा.

गोडलिंब, म्हणजेच कढीपत्ता, न्हाणीच्या पाण्यावरही तग धरतो. सुटी पानं ओरबाडू नयेत, अख्खी डहाळी देठापासून मोडावी; शेंडा खुडला की झाड बाजूंनी डवरतं.

परभणीत 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे. बियाण्याची शंका तिथे जरूर विचारावी.