खोलगट बाजूचा श्वास

माझ्या भाचीच्या पाठीतला बाक सगळ्यात आधी आमच्या शिंप्याच्या लक्षात आला. लग्नासाठी कुर्ता शिवायचा होता. माप घेताना त्याने दोनदा टेप लावली आणि माझ्या बहिणीला म्हणाला, ‘‘ताई, हिचा डावा खांदा अर्धा इंच उतरतोय. कंबरही दोन्हीकडे सारखी बसत नाही.’’ मुलगी तेरा वर्षांची. वर्षभर घरात ‘सरळ बस, सरळ बस’ हा जप चालू होता. दोष कधी दप्तराला, कधी मोबाइलला, आणि बहुतेक वेळा तिच्या आळसाला दिला जात होता.

डॉक्टरांनी तिला पाय जुळवून, हात जोडून पुढे वाकायला सांगितलं. ती वाकली तशी पाठीची उजवी बाजू टेकाडासारखी वर आली आणि डावी खाली राहिली. विल्यम अॅडम्स या इंग्रज शल्यचिकित्सकाने 1865 साली वर्णन केलेली ही तपासणी आजही अशीच, काही उपकरण न लागता होते. मग एक्स-रे. कण्याचा कोन 24 अंश. हा कोन मोजायची रीत न्यूयॉर्कच्या जॉन कॉब यांनी 1948 साली घालून दिली. 10 अंशांपासून पुढे त्याला स्कोलिओसिस म्हणतात. शंभर मुलांमागे दोन-तीन जणांना तो असतो आणि बहुतेकांच्या बाबतीत कारण सापडत नाही. दप्तर नाही, बसण्याची सवय नाही, आळस तर नाहीच. हे ऐकून माझी बहीण दवाखान्यातच रडली. वर्षभर लेकीला बोलत आलो, याचं ते रडू होतं.

डॉक्टर म्हणाले, ‘‘वाढीचं वय आहे. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढू. तोवर बघू या.’’

वैद्यकाच्या दृष्टीने त्यात काही चूक नव्हतं. 25 अंशांच्या आत लक्ष ठेवायचं, त्यापुढे वाढता कोन असेल तर ब्रेस, आणि 45-50च्या पुढे गेला तर शस्त्रक्रियेचा विचार, असा साधारण रिवाज आहे. पण ज्या मुलीची उंची महिन्यागणिक वाढतेय, तिच्या घरी हे ‘बघू या’ फार जड जातं. सहा महिने नुसतं काय बघायचं? जर्मनीतल्या एका मुलीने शंभर वर्षांपूर्वी नुसतं बघत बसायचं नाकारलं, आणि आज स्कोलिओसिसच्या व्यायामोपचाराचं जे शास्त्र उभं आहे त्याचा बराचसा पाया तिच्या त्या नकारात आहे.

कॅथरीना श्रोथचा जन्म 1894 सालचा, ड्रेस्डेनचा. तिची स्वतःची पाठ वाकडी होती. सोळाव्या वर्षी तिला पोलादी ब्रेस चढवण्यात आला. त्या काळचे ब्रेस म्हणजे अंगावर वागवायचा पिंजरा. तिला वाटलं, बाहेरून दाबण्यापेक्षा आतून काही करता येईल का? तिला वाट दाखवली ती फुग्याने. बसलेला भाग आत हवा भरली की बाहेर येतो. मग छातीचा पिंजरा जिथे आत बसलाय, तिथे श्वास भरला तर? ती आरशासमोर उभी राहिली आणि खोलगट बाजूत ठरवून श्वास घ्यायला शिकू लागली. तिच्या पद्धतीची सगळी सामग्री तिथेच दिसते. आरसा, श्वास, आणि आपली पाठ कुठे आहे याचं भान.

ती डॉक्टर नव्हती. तरी 1921 साली माइसनमध्ये, एल्ब नदीकाठच्या त्या चिनी मातीच्या भांड्यांच्या गावात, तिने छोटीशी संस्था काढली. रुग्ण तीन-तीन महिने राहत आणि दिवसभर व्यायाम करत. पुढे मुलगी ख्रिस्टा आईच्या मदतीला आली. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीची फाळणी झाली, मायलेकी पश्चिमेकडे आल्या आणि नाहे नदीच्या खोऱ्यातल्या सोबर्नहाइम या गावात त्यांनी नव्याने सुरुवात केली. हे गाव आधीपासून निसर्गोपचारासाठी ओळखलं जाई. एमानुएल फेल्के हा मातीचे उपचार करणारा पाद्री तिथे काम करून गेला होता. तिथल्या छोट्या संस्थेचं वाढत वाढत रुग्णालय झालं. एका वेळी दीडशेहून जास्त रुग्ण, आणि मुक्काम साधारण सहा आठवडे. 1969 साली पश्चिम जर्मनीने कॅथरीनाबाईंना राष्ट्रीय सन्मान दिला. 1985 साली, एक्याण्णवाव्या वाढदिवसाच्या तोंडावर, त्या गेल्या. तोपर्यंत रुग्णालयाला त्यांचं नाव लागलं होतं.

सोबर्नहाइमच्या त्या दीडशे पाठींचा विचार माझ्या मनातून जात नाही. स्कोलिओसिसची मुलगी वर्गात बहुधा एकटीच असते. ती ओढणी सावरते, पोहायला जात नाही, फोटोत कडेला उभी राहते. आणि इथे आजूबाजूला सगळ्या पाठी तशाच, उघड्या, आरशासमोर कामाला लागलेल्या. व्यायाम शिकवण्याआधीच या जागेने त्या मुलींना बरंच काही दिलं असेल.

आता या व्यायामात असतं काय? ‘बाक’ म्हटल्यामुळे आपल्याला वाटतं कणा नुसता डावी-उजवीकडे झुकलाय. तसं नसतं. धुतलेला टॉवेल पिळताना तो वाकतोही आणि वळतोही, तसं कण्याचं होतं. मणके बाजूला सरकतात, सरकताना फिरतात, आणि त्यांना जोडलेल्या बरगड्यांनाही घेऊन फिरतात. उजवीकडे टेकाड आणि डावीकडे खळगा होतो तो या पिळामुळे. खांदे, छाती आणि ओटीपोट हे एकावर एक ठेवलेले तीन ठोकळे समजा. गवंड्याने ओळंबा सोडला तर ते एका रेषेत यायला हवेत. इथे प्रत्येक ठोकळा शेजारच्यापासून बाजूला सरकलाय आणि उलट दिशेला वळलाय. ख्रिस्टाबाईंनी या मांडणीवरून पाठींचे प्रकार पाडले, कारण प्रकार कळल्याशिवाय व्यायाम ठरत नाही.

आपल्याकडे पहिला सल्ला योगासनांचा मिळतो आणि त्यात गैर काही नाही. पुण्यात अय्यंगारांनी भिंतीचे दोर, पट्टे, लाकडी ठोकळे आसनांत आणले, आणि त्यांच्याकडे शिकलेल्या काही शिक्षकांनी स्कोलिओसिससाठी वेगळा अभ्यासही बसवला. पण आसन डावीकडे जितकं तितकंच उजवीकडे करायची आपली सवय असते. श्रोथच्या पद्धतीत दोन्ही बाजूंचं काम वेगळं. शेजारच्या मुलीचा व्यायाम हिला चालत नाही. म्हणूनच व्हिडिओ बघून हे करू नये, हे मी कळकळीने सांगते.

हे व्यायाम शिकवणाऱ्या एका फिजिओथेरपिस्टबाईंकडे बहीण साताऱ्याहून दर पंधरवड्याला लेकीला घेऊन पुण्याला येऊ लागली. फिजिओबाईंची खोली म्हणजे एक मोठा आरसा, भिंतीला ठोकलेली लाकडी दांड्यांची शिडी, दोन लांब काठ्या, स्टूल, आणि तांदूळ भरलेल्या लहान पिशव्या. या पिशव्यांकडे मी बघतच राहिले. बाईंनी भाचीला उताणं झोपवलं आणि एक पिशवी उजवीकडच्या टेकाडाखाली, एक डावीकडे कंबरेजवळ सरकवली. अंगाच्याच भाराने पीळ थोडा सैल पडतो, इतकं साधं. मुलगी काही न करता पडून असते आणि पाठ सुटायला लागते.

मग खरी मेहनत. स्टुलावर, आरशासमोर, दोन्ही हातांत उभ्या काठ्या. काठ्या जमिनीत रोवल्यासारख्या दाबायच्या आणि टाळू छताकडे न्यायची. पाठ लांब झाली की ओटीपोट जागेवर आणायचं, छाती मधोमध सरकवायची. एवढं सगळं धरून ठेवून मग श्वास. बाईंनी डाव्या खळग्यावर दोन बोटं टेकवली. ‘‘अगं, खांदा उचलू नकोस. माझी बोटं ढकल. श्वासाने ढकल.’’ पहिल्या खेपेला पोट फुगलं. दुसऱ्या खेपेला मान ताठ झाली. अकराव्या की बाराव्या श्वासाला ती बोटं हलली. मी समोर बसले होते, मला दिसलं. खळग्यातल्या बरगड्या मिटलेल्या पंख्यासारख्या किंचित उघडल्या, बाजूला आणि मागे. ‘‘आता सोड, फूऽऽ करून. आणि सोडताना सगळं घट्ट धर.’’ श्वास सोडताना स्नायू आवळायचे ते मिळालेली जागा राखण्यासाठी. श्वासाने भिंत सरकवली, आता टेकू लावायचा. पाच-सहा श्वासांत पोरगी घामाने भिजली. लांबून बघणाऱ्याला वाटेल, ही नुसती बसलीय.

श्रोथच्या रोपट्याला फांद्याही फुटल्या. एलेना साल्व्हा यांनी 1960च्या दशकात हे बार्सेलोनात नेलं. मिलानमध्ये वेगळी पद्धत बसली, पोलंडात आणखी वेगळ्या. लंडनजवळच्या अस्थिरोग रुग्णालयात मिन मेहता यांनी धड खोलगट बाजूकडे सरकवण्याचा सोपा व्यायाम मांडला. 2004 साली या सगळ्यांची आंतरराष्ट्रीय संघटनाही झाली.

पण उपयोग होतो का? आईबापांचा हा प्रश्न टाळून मला पुढे जायचं नाही. दीर्घकाळ या पद्धतीपाशी अनुभव भरपूर होता, पण काटेकोर तुलना कमी होत्या. उपलब्ध अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2012च्या कॉक्रेन आढाव्यानेही चांगल्या दर्जाचा पुरावा नाही असंच म्हटलं. त्यानंतर इटली, तुर्कस्तान, कॅनडा इथे चाचण्या झाल्या. कॅनडात अल्बर्टामध्ये 50 मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला तेच उपचार आणि जोडीला श्रोथ व्यायाम. आठवड्याला एकदा शिक्षकासमोर आणि रोज घरी 30 ते 45 मिनिटं. सहा महिन्यांनी दोन गटांत साधारण साडेतीन अंशांचा फरक पडला. हा फरक छोटा आहे. एक्स-रे मोजण्यातच पाच अंशांपर्यंत इकडेतिकडे होतं, त्यामुळे एका मुलीच्या अहवालात तीन अंश कमी दिसले म्हणून पेढे वाटू नयेत, आणि तीन वाढले म्हणून रात्र जागून काढू नये. मात्र नेहमीच्या उपचारात नुसतं थांबलेल्या मुलांच्या कण्याचा कल वाढीकडेच असतो, तेव्हा जागच्या जागी राहणं हीसुद्धा कमाई आहे.

आणि ब्रेसची जागा व्यायाम घेत नाही. अमेरिका-कॅनडात झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2013 साली आले. ब्रेस घातलेल्यांपैकी 72 टक्के मुलांचा कोन वाढ पूर्ण होईपर्यंत 50च्या खाली राहिला. नुसतं लक्ष ठेवलेल्यांत 48 टक्क्यांचा. जितके तास ब्रेस अंगावर, तितका फायदा जास्त. म्हणून डॉक्टरांनी ब्रेस सांगितला आणि कुणी ‘व्यायामाने सरळ करून देतो’ म्हणालं, तर तिथून उठून यावं. चांगले व्यायाम-शिक्षक असं कधी म्हणत नाहीत. ब्रेसच्या आतही खोलगट बाजूला मोकळी जागा ठेवलेली असते आणि श्वास तिथेच भरायचा असतो. कॅथरीनाबाईंनी पिंजऱ्याला कंटाळून शोधलेली गोष्ट आज पिंजऱ्याच्या आत वापरली जाते.

माझ्या मते या उपचाराचं मोल अंशांत पूर्ण मोजता येत नाही. तेरा वर्षांच्या मुलीला आपल्या पाठीबद्दल सगळे सांगतात: शिंपी, आई, डॉक्टर, एक्स-रे. पाठ मात्र तिला स्वतःला दिसत नाही. हा व्यायाम तिला तिची पाठ कळवतो. आता ती बाकावर लिहायला बसली की कोणता कुल्ला टेकवायचा, बसथांब्यावर उभी असताना वजन कोणत्या पायावर न्यायचं, हे तिचं तिला ठाऊक असतं. घरात ‘सरळ बस’ म्हणणं बंद झालंय. सरळ म्हणजे काय ते घरात तिच्याएवढं कुणाला कळत नाही.

अर्थात रोज पाऊण तास काढणं सोपं नाही. शाळा, शिकवणी, पाळीचे दिवस, पाहुणे. जूनमध्ये तिने आठ दिवस काहीच केलं नाही, आरशावर ओढणी टाकून ठेवली. बहिणीने फोनवर विचारलं, रागवू का? फिजिओबाई म्हणाल्या, रागवू नका, तुम्ही तिच्याबरोबर खाली बसा. तेव्हापासून रात्री जेवणं झाली की बहीण चटई घालते, तांदळाच्या पिशव्या जागेवर सरकवते आणि लेकीच्या पाठीच्या डाव्या बाजूला तळवा ठेवते. बोलणं काही नसतं. तळव्याखाली बरगड्या उघडतात, मिटतात. पुढचा एक्स-रे दिवाळीनंतर आहे.