‘वोस’ या सर्वनामाची अमेरिकेतील व्याप्ती

स्पॅनिश बोलींचा विचार बहुधा उच्चारभेदांपासून सुरू होतो. परंतु बोलणाराचा दर्जा आणि त्याच्या प्रदेशाचा इतिहास या दोहोंवर अधिक प्रकाश टाकतात ती द्वितीय पुरुषी सर्वनामे. त्यांतही विशेषेकरून ‘वोस’.

‘वोस’ हे मुळात लॅटिनमधील अनेकवचन. मध्ययुगीन स्पेनमध्ये ते एकाच व्यक्तीस आदराने उद्देशून योजीत. मराठी ‘तुम्ही’ची घडण अशीच आहे. सोळाव्या शतकात ही आदरवाचकता झिजली. ‘वोस’ बरोबरीच्यांस व कनिष्ठांस लावले जाऊ लागले, आणि आदरासाठी ‘वुएस्त्रा मेर्सेद’ म्हणजे ‘आपली कृपा’ ही पदावली रूढ झाली. तिचेच झिजलेले रूप ‘उस्तेद’. पुढे स्पेनमध्ये ‘वोस’ लोपले आणि जवळिकीसाठी ‘तू’ उरले. (हे ‘तू’ मराठी ‘तू’चे सगोत्र होय, हे साम्य योगायोगाचे नव्हे.)

हा बदल अमेरिकेत सर्वत्र पोचला नाही. मेक्सिको व लिमा ही व्हाइसरॉयची ठाणी असल्याने दरबारी रीत तेथे लवकर येई. तेथे ‘तू’ स्थिरावले. बुएनोस आइरेसला तसे ठाणे लाभले ते १७७६ मध्ये; तोवर तेथे ‘वोस’ने मूळ धरले होते. मध्य अमेरिकेतही तेच घडले. चियापास आज मेक्सिकोत आहे, तरी तेथे ‘वोस’ ऐकू येते. वसाहतकाळी तो प्रदेश ग्वातेमालाच्या कक्षेत होता, मेक्सिकोत सामील झाला तो १८२४ मध्ये. राज्याची सीमा सरकली, सर्वनामाची सरकली नाही.

अर्जेंटिनात ‘तू तिएनेस’ (तुझ्यापाशी आहे) याऐवजी ‘वोस तेनेस’ म्हणतात. मात्र कर्माचे ‘ते’ आणि स्वामित्वदर्शक ‘तु’ ही रूपे ‘तू’च्याच रूपावलीतली. व्हेनेझुएलातील माराकाइबोत ‘वोस तेनेइस’, तर माँटेव्हिडिओत ‘तू तेनेस’ असाही प्रयोग आढळतो. या मिश्रणास भ्रष्टता म्हणणे सोपे आहे, पण त्याने काहीच उलगडत नाही.

तसे म्हणणारे थोर होते, हेही खरे. आन्द्रेस बेयो यांनी १८४७ मध्ये खास अमेरिकनांसाठी व्याकरण प्रसिद्ध केले. चिलीतील ‘वोस’ त्यांना ग्राम्य वाटे. चिलीच्या शाळेने सर्वनाम बरेचसे हटविले, परंतु प्रत्यय तिच्या हाती लागला नाही. तेथील अनौपचारिक बोलण्यात ‘तू तेनीस’ राहिलेच, आणि यातील क्रियापद ‘वोस’चे आहे. अर्जेंटिनाच्या ‘वोस’मध्ये अमेरिको कास्त्रो यांना १९४१ मध्ये सामाजिक बेशिस्तीचे लक्षण दिसले, बोर्हेस यांनी त्यांच्या ग्रंथाचा उपरोधिक समाचार घेतला. १९८२ मध्ये अर्जेंटिनाच्या साहित्य अकादमीने ‘वोस’ला शिष्ट भाषेत मान्यता दिली. सुशिक्षित लोक ते कितीतरी आधीपासून बोलत होते.

कोलंबियात गुंतागुंत अधिक आहे. मेदेयीन व काली येथे ‘वोस’, कॅरिबियन किनाऱ्यावर ‘तू’, आणि बोगोतात भावंडे व जिवलग मित्रही परस्परांस ‘उस्तेद’ म्हणतात. हे आपले ‘अहो-जाहो’ नव्हे. अर्जेंटिनाच्या कथेतील ‘वोस’ मराठीत निःशंकपणे ‘तू’ होईल. बोगोतातील दोन भावांच्या संवादातील ‘उस्तेद’साठी अनुवादकाने ‘आपण’ योजले, तर मूळची जवळीक वाचकाला तुटलेपणा वाटेल.