सासू जागीच होती

पाणपोईवर एक वाटसरू पाणी पितो आहे. ओंजळ तोंडाशी आहे, पण नजर पाणी ओतणाऱ्या मुलीवर. ओंजळीची बोटं त्यानं मुद्दाम सैल सोडली आहेत. पाणी गळत राहावं आणि तहान लवकर भागू नये म्हणून. ती हे पाहते आणि वरून धार बारीक करते. दोन ओळींची गाथा इथं संपते. तो कुठून आला, कुठं निघाला, ती कुणाची कोण, पुढं दोघं पुन्हा भेटले का, यातलं काहीही कवी सांगत नाही.

जालना जिल्ह्यात जिथं जिथं मी ही गाथा वाचून दाखवली, तिथं ऐकणाऱ्यांतून एक प्रश्न हमखास आला: "मग?" या "मग?"नं मला गेली कित्येक वर्षं झपाटलं आहे. गाथासप्तशती हा आपल्या भाषेचा पहिला मोठा ठेवा, त्यात तेव्हाचं लोकजीवन सापडतं, हे सगळं मलाही मान्य आहे आणि वर्गात मी ते शिकवलंही आहे. माझा जीव मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकला आहे. या गाथा अर्ध्याच सांगितलेल्या असतात. वाटेवरच्या प्रेमाची गोष्ट, त्यात दोन-तीन माणसं, आणि त्या माणसांची नाती, वयं, मनं ठरवण्याचं काम ऐकणाऱ्यावर सोपवलेलं. ऐकणारा बदलला की गोष्ट बदलते.

माहिती थोडक्यात सांगते. सातवाहन राजा हाल याच्या नावावर हा संग्रह आहे. भाषा महाराष्ट्री प्राकृत. एक कोटी गाथांमधून सातशे निवडल्याचं संग्रहातच म्हटलं आहे. हालाचा काळ साधारण इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला मानतात. काही गाथा नंतरच्या असाव्यात. रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशा कवयित्रींची नावंही परंपरेनं जपली आहेत. आल्ब्रेख्त वेबर या जर्मन पंडितानं 1881 मध्ये सगळ्या प्रती ताडून पाहिल्या तेव्हा गाथा 964 भरल्या, आणि सगळ्या प्रतींत समान अशा 430 च्या आसपासच निघाल्या. मराठीत स. आ. जोगळेकरांनी 1956 साली सविस्तर प्रस्तावनेसह ती आणली. माझ्या प्रतीची पानं आता सुटी झाली आहेत.

आता यात जालना कुठं आलं? पैठण, म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान, आपल्या सीमेपासून हाकेच्या अंतरावर. तिथून उज्जैनकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवर भोगवर्धन नावाचं भरभराटीचं नगर होतं. तेच आजचं भोकरदन. भारहुत आणि सांचीच्या स्तूपांवरच्या लेखांत भोगवर्धनच्या दात्यांची नावं कोरलेली आहेत. इथली माणसं तेव्हा किती लांब जात होती, याचा हा दगडी पुरावा. 1973 साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी भोकरदनला उत्खनन केलं, त्यात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिचं थेट नातं जुळतं ते इटलीतल्या पाँपेई शहरात 1938 साली सापडलेल्या, आता नेपल्सच्या संग्रहालयात असलेल्या हस्तिदंती मूर्तीशी. पाँपेई इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं. म्हणजे त्याआधीच ही कारागिरी समुद्र ओलांडून गेली होती.

भोकरदनला मी जाते ती केळणा नदीच्या काठानं चालण्यासाठी. गावातल्या किती मुलांना पाँपेईची गोष्ट ठाऊक आहे, ही खंत दर वेळी मनात येते. जिल्ह्याची ओळख सांगताना आपण स्टील, बियाणं आणि मोसंबी सांगतो. भोगवर्धनही सांगायला हवं. त्या काठावर उभं राहिलं की गाथेतला वाटसरू निनावी राहत नाही. बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर इथूनच तो गेला असणार, आणि त्याची बायको इथंच कुठल्यातरी घरात भिंतीवर रेघा ओढत बसली असणार.

रेघांच्या दोन गाथा आहेत. एकीत नवरा नुकताच गेला आहे. "आज गेला, आज गेला" असं म्हणत बायको दिवस मोजायला लागते, आणि पहिल्या अर्ध्या दिवसातच तिनं भिंत रेघांनी भरून टाकली आहे. दुसरीत पावसाळा आला आहे. वादळानं छपराचं गवत उडालं, भोकांतून धारा लागल्या, आणि ती दोन्ही तळहातांनी झाकते आहे ती भिंतीवरची मुदतीच्या दिवसांची खूण. घर भिजलं तर भिजू दे, हिशेब पुसला जाऊ नये.

मला वाटलं होतं, ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या काळजाला या गाथा भिडतील. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या भागांतून दसरा-दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांकडे निघतात. पण मंठ्याकडच्या एका बाईनं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "आमच्यात कोण कुणाची वाट बघतंय, मॅडम? कोयता म्हंजे नवरा-बायको दोघं. म्या बी संगंच जाते. घरी ऱ्हाते ती म्हातारी आन् लेकरं." रेघा कुणी ओढत असेल तर सासू ओढत असेल, हे तिचं म्हणणं. लेकरांना आई कधी येणार ते सांगावं लागतं ना.

त्या दिवसापासून गाथांमधल्या सासूकडे मी नीट पाहायला लागले. तोवर ती मला केवळ अडसर वाटत असे. टीकाकारांनाही तशीच वाटली.

सासूची सगळ्यांत गाजलेली गाथा अशी. मुक्कामाला आलेल्या वाटसरूला घरातली तरुण स्त्री दिवसाउजेडी जागा दाखवते: सासू इथं निजते, मी इथं, आताच नीट बघून ठेव. तुला रात्री दिसत नाही, तेव्हा चुकून अंथरुणावर येऊन पडू नकोस. सप्तशतीच्या पाठात घरची सगळी गडीमाणसंही तिथंच झोपलेली आहेत; नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनानं 'ध्वन्यालोक'मध्ये जो पाठ घेतला त्यात ती नाहीत. आनंदवर्धनाचं म्हणणं असं, की ही स्त्री तोंडानं "येऊ नकोस" म्हणते आणि त्यातून "ये" हेच ध्वनित होतं. ध्वनी म्हणजे काय हे समजावण्याचं हे त्याचं अगदी सुरुवातीचं उदाहरण. तेव्हापासून आजवर काव्यशास्त्राच्या प्रत्येक वर्गात ती बाई त्या वाटसरूला बोलावतेच आहे.

उन्हाळ्यात कुरडया घालायला जमलेल्या बायकांना मी ही गाथा सांगितली. सुरुवातीला हशा झाला, पदर तोंडाला गेले. मग एक आजी म्हणाल्या, "सासू निजली आसं कोन म्हनलं? दारात परका मानूस मुक्कामाला आल्यावर कोनती सासू निजती?"

"मंग बोलली कामून नाही?" एक सून.

"काय बोलंल? तिचाच ल्योक परगावी बसलाय. सून उपाशीपोटी ऱ्हाती का जेवती, ते तिलाच दिसतंय. तिनं कूस बदलली आन् भिंतीकडं तोंड केलं."

दोन ओळींच्या गाथेत आजींनी एक अख्खं पात्र उभं केलं. घरी येऊन मी अभिनवगुप्ताची 'लोचन' ही टीका पुन्हा उघडली, आणि चकित झाले. इसवी सन 1000 च्या सुमाराचा हा आचार्य तिथं बारकाईनं सांगतो, की "माझ्या अंथरुणावर" असा अर्थ न घेता "आम्हा दोघींच्या अंथरुणावर" असा घ्यावा. कारण ती "माझ्या" एवढंच म्हणाली असती तर संशय आला असता. संशय कुणाला? शेजारी निजणाऱ्या सासूलाच ना! म्हणजे तिचे कान उघडे आहेत, हे त्या शैव आचार्यानं हेरलं होतं. फक्त त्याला ती पहारेकरीण दिसली. आमच्या आजींना तिच्यात स्वतःच्या लेकाची वाट पाहणारी बाई दिसली.

कुरडयांच्या त्याच बैठकीत आणखी एक आवाज आला, आणि तो मी विसरू शकत नाही. शिकलेली, नवरा पुण्यात कंपनीत, ती सासरी एकटी. ती म्हणाली, "मॅडम, तिनं खरंच नको म्हटलं असंल तर? अनोळखी माणूस घरात, तिनं आधीच सांगून ठेवलं, हिकडं यायचं नाही म्हणून. तुमच्या पंडितांनी त्याचा उलटा अर्थ काढला." कुणीच हसलं नाही. मी ध्वनीची बाजू मांडून पाहिली: बोलण्यातली लकब, "रातांधळा" या शब्दातला मिश्कीलपणा. तिला पटलं नाही. मला आजही गाथेत आमंत्रणच ऐकू येतं. पण हजार वर्षांच्या चर्चेत हा प्रश्न कुणी इतक्या सरळ विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. आता ही गाथा शिकवताना तिचा प्रश्न घेतल्याशिवाय मी पुढं जात नाही.

टीकाकारांची रीत इथं सांगायला हवी. गंगाधर, भुवनपाल, पीतांबर ही त्यातली मोठी नावं. गाथेच्या आधी ते एक छोटं वाक्य लिहितात: हे दूती नायकाला म्हणते, हे प्रियकराच्या कानी पडावं म्हणून मैत्रिणीला सांगितलं, असं. ते वाक्य म्हणजे त्या टीकाकाराची प्रतिक्रियाच. एकाच गाथेला दोघं दोन बोलणारे देतात, आणि पीतांबर तर शृंगारातून नीतीही काढतो. पोथ्यांमधला हा मतभेद आणि कुरडयांच्या वाळवणाजवळचा वाद यांत मला अंतर दिसत नाही. बाया फक्त सासूला विसरत नाहीत.

एकाच बोलण्यातून अनेक अर्थ निघणारी आणखी एक गाथा आनंदवर्धनानं घेतली आहे. बायकोच्या ओठावर व्रण पाहून नवरा भडकला आहे, आणि तो ऐकत आहे हे जाणून मैत्रीण तिला रागे भरते: भुंगा बसलेलं कमळ हुंगू नको म्हटलं होतं, ऐकलं नाहीस, आता भोग. अभिनवगुप्त तिथं श्रोत्यांची यादीच देतो. नवऱ्याला यातून कळतं की बायको निर्दोष आहे. शेजाऱ्यांची शंका फिटते. सवतीचा आनंद मावळतो. चोरट्या प्रियकराला इशारा मिळतो की पुन्हा असं करू नकोस. आणि जाणत्यांना कळते ती मैत्रिणीची हुशारी. एक वाक्य, अनेक कान, अनेक अर्थ. प्रेक्षक कथा पुरी करतो, हे आज नव्यानं सांगितलं जातं तेव्हा मला ही यादी आठवते.

पाणपोईच्या गाथेलाही असे नाना कान लाभले. अंगारकीला राजूरच्या गणपतीला माणसं दुरून पायी येतात. तिथं वाटेवर पाणी देण्याची सेवा केलेल्या एका काकूंनी नायिकेचं वेगळंच रूप सांगितलं: "सकाळधरनं उभी हाय ती. हाताला कळ लागली म्हनून धार बारीक झाली. त्या येड्याला वाटलं, आपल्यासाठीच." तरुण मुलांना हे अजिबात रुचलं नाही; त्यांना दोघांचं जमायलाच हवं होतं. काकूंचा अर्थ कुठल्या टीकेत मला सापडलेला नाही. पण घागर ज्यांनी दिवसभर उचलली, त्यांचं मत मी टीकाकारांच्या बरोबरीनं मानते.

आता गोदेची गाथा. धुळे-सोलापूर महामार्ग शहागडला गोदावरी ओलांडतो, आणि ती जागा या गाथेसाठी मला फार आवडते. काठावरच्या झुडपांत एका स्त्रीची प्रियकराला भेटायची ठरलेली जागा आहे. एक धार्मिक गृहस्थ तिथं रोज येऊन घोटाळा करतो. तिथल्या कुत्र्याला तो भितो. एक दिवस ती त्याला सांगते: बाबा, आता खुशाल हिंडा, ते कुत्रं आज गोदेकाठच्या झाडीत राहणाऱ्या मातलेल्या सिंहानं मारलं. हिंडा म्हणते, आणि तो पुन्हा तिथं फिरकणार नाही याची सोय करते. यावरून काश्मीरच्या पंडितांत केवढं रण माजलं! महिमभट्टानं अकराव्या शतकात 'व्यक्तिविवेक' लिहून बजावलं, की यात ध्वनी वगैरे काही नाही, सरळ अनुमान आहे. जिथं सिंह तिथं भित्रा माणूस जात नाही, एवढंच.

शहागडला पुलाजवळ चहाच्या टपरीवर मी ही गाथा एका वयस्क शेतकऱ्याला सांगितली. शेजारी मोसंबीच्या ट्रकचा ड्रायव्हर होता. ड्रायव्हर धार्मिक माणसाच्या बाजूचा: "देवाच्या फुलांसाठी येतो बिचारा, त्याला कामून भ्या दाखवायचं?" शेतकरीबाबा बाईच्या बाजूचे. सिंह खोटा, हे दोघांनीही मान्य केलं. बाबा म्हणाले, आता ऊस आहे तिथं बिबट्या म्हटलं तरी कुणी फिरकायचं नाही.

मग ड्रायव्हरनं विचारलं, "बरं, सिंह न्हवता. मंग कुत्र्याचं काय झालं?"

महिमभट्टाच्या अनुमानातही याचं उत्तर नाही. मी तसं सांगितलं.

"कुत्रं तिचंच आसंल," बाबा म्हणाले. "त्याच्या जिवावरच तर ती जागा राखून होती. मारलं न्हाई, आज घरी बांधून ठिवलं. त्यो बुवा पुन्हा आलाच, तर उद्या सोडील."

ड्रायव्हरला ते पटलं नाही. त्याचं म्हणणं, घरचं कुत्रं असतं तर प्रियकरालाही भुंकलं नसतं का, आधी हे सांगा. बाबांनी चहा खाली ठेवला आणि वाद नव्यानं सुरू केला.